प्रकाशाची छिन्नी आणि कुंभकोणमचे पितळ

तंजावरहून ईशान्येस कावेरीच्या खोऱ्यातून सुमारे ४० किलोमीटर गेले म्हणजे कुंभकोणम हे नगर लागते. मराठी वाचकास हा मुलूख सर्वस्वी परका नव्हे. सतराव्या शतकात व्यंकोजी भोसल्यांनी तंजावरास जे राज्य स्थापिले ते १८५५ पर्यंत टिकले, आणि त्या दरबाराची मोडी कागदपत्रे आजही तेथे जतन केलेली आहेत. कुंभकोणमची कीर्ती आहे ती तेथील मंदिरांसाठी, बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम् पर्वासाठी, आणि गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण तेथे गेले यासाठी. या तिन्ही गोष्टी येथे बाजूस ठेवावयाच्या आहेत. विचार करावयाचा तो त्या परिसरातील पितळेचा.

आपल्याकडे जिला समई म्हणतात तिच्याच कुळातील दिव्यास तमिळ भाषेत कुत्तुविळक्कु असे नाव आहे. कुंभकोणमजवळच्या नाच्चियारकोविल या गावी हे दिवे पिढ्यान्‌पिढ्या घडविले जात आहेत. बैठक, खांब, तेलाची वाटी आणि शेंड्यावरचे शिखर, ज्यावर बहुधा हंस असतो, हे भाग वाळूच्या साच्यांत निरनिराळे ओततात, चरकावर उजळतात आणि आटे पाडून एकमेकांत बसवितात. नगराच्या दुसऱ्या अंगास काही किलोमीटरांवर स्वामिमलै हे गाव आहे. तेथील स्थपती मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची मूर्ती करतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे लेप चढवितात, तापवून मेण काढून टाकतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मूर्तीची प्रमाणे ठरविण्यासाठी ते मोजपट्टी घेत नाहीत. नारळीच्या पात्याची एक पट्टी मूर्तीच्या उंचीएवढी कापून तिच्या घड्या घालतात, आणि त्या घड्यांवरून मुख, धड, जंघा यांची मापे निघतात. खुद्द कुंभकोणम नगर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे.

धातूवर करावयाच्या कामांपैकी ओतणे आणि ठोकणे यांना कलेचा मान मिळाला. कापण्यास तो कधी मिळाला नाही. तथापि पत्र्याचे कोणतेही भांडे घ्यावे, त्याचा आरंभ कापलेल्या एका चकतीपासूनच होतो. या दुर्लक्षित कामात आता प्रकाशाचा प्रवेश झालेला आहे. लेसर नावाच्या किरणाने पोलादाचा पत्रा कापणे ही आज भारतातील कारखान्यांतून नित्याची गोष्ट होय. पितळेने मात्र या किरणाशी दीर्घकाळ असहकार केला. त्या असहकाराचे कारण समजले म्हणजे प्रकाश धातू कसा कापतो हे पुरते समजले असे म्हणावयास हरकत नाही.

प्रथम कोडे नीट मांडून घ्यावे. पोलाद सुमारे १,५०० अंश सेल्सियसला वितळते. नेहमीच्या वापरातील पितळ ९०० अंशांच्या थोडे वर वितळते. एक मिलिमीटर जाडीचे दोन पत्रे, एक पोलादाचा व एक उजळ पितळेचा, जुन्या पद्धतीच्या लेसर यंत्राखाली ठेवले, तर जो उशिरा वितळावयास हवा तो पोलादी पत्रा लोण्यासारखा कापला जातो, आणि जो लवकर वितळावयास हवा तो पितळी पत्रा किरणास दाद देत नाही. असे का व्हावे?

दिव्याच्या ज्योतीतील किंवा विजेच्या बल्बमधील प्रत्येक अणू आपला प्रकाश आपल्या वेळी, वाटेल त्या दिशेस सोडीत असतो. जत्रेतील गर्दी जशी चहूकडे पांगते तसा तो प्रकाश पांगतो. लेसरचा प्रकाश वारीच्या दिंडीसारखा आहे. सर्वांची दिशा एक, पाऊल एक आणि ताल एक. हे साधते कसे, त्याचे तत्त्व अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ च्या सुमारास मांडले होते. एखाद्या अणूला बाहेरून शक्ती देऊन उत्तेजित केले असता, आणि योग्य तरंगलांबीचा एक प्रकाशकण त्याच्याजवळून गेला असता, तो अणू आपली साठवलेली शक्ती हुबेहूब तशाच दुसऱ्या प्रकाशकणाच्या रूपाने सोडून देतो. एकाचे दोन, दोहोंचे चार होत जातात. समोरासमोर दोन आरसे ठेवून हा प्रकाश मागेपुढे खेळविला, आणि त्यांपैकी एक आरसा किंचित पारदर्शक ठेवला, म्हणजे त्यातून एक अरुंद, सरळ व तीव्र शलाका बाहेर पडते. १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी माणकाच्या कांडीपासून अशी पहिली शलाका मिळविली. १९६५ मध्ये तारा ओढण्याच्या हिऱ्याच्या साच्यांना भोके पाडण्याकडे लेसरचा उपयोगही करण्यात आला. परंतु माणकाचा लेसर क्षणाक्षणाने चमकणारा होता, आणि पत्रा सलग कापावयाचा तर प्रकाशाची अखंड धार हवी.

ती धार ज्यांनी दिली त्यांचा जन्म महाराष्ट्रात झाला होता. चंद्रकुमार नारणभाई पटेल हे १९३८ साली बारामती येथे जन्मले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले, स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी पुढील अध्ययन केले आणि १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेसर जगापुढे ठेवला. ज्या वायूचे बुडबुडे सोड्याच्या बाटलीत दिसतात, जो आपल्या प्रत्येक उच्छ्‌वासातून बाहेर पडतो, त्याच वायूपासून पुढे पोलाद कापणारा किरण निघावा, हे त्या काळी पुष्कळांस खरे वाटले नसते.

या लेसरची रचना मोठी चतुर आहे. काचेच्या नळीत कार्बन डाय-ऑक्साइड, नायट्रोजन व हेलियम हे तीन वायू कमी दाबाखाली भरून त्यांतून विजेचा प्रवाह सोडतात. विजेचे आघात प्रामुख्याने नायट्रोजनच्या रेणूंना कंपित करतात. नायट्रोजनचा रेणू दोन सारख्या अणूंचा असल्यामुळे ही कंपनशक्ती त्यास प्रकाशरूपाने टाकून देता येत नाही. ती तो कृपणासारखी सांभाळून ठेवतो. परंतु कार्बन डाय-ऑक्साइडच्या रेणूच्या एका कंपनाची पातळी या शक्तीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. त्यामुळे दोहोंची टक्कर झाली की नायट्रोजन आपली ठेव त्याच्या स्वाधीन करतो. कार्बन डाय-ऑक्साइडचा रेणू मग खालच्या पातळीवर उतरताना १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. हेलियमचे काम खालच्या पातळीवर साचलेले रेणू लवकर मोकळे करणे आणि उष्णता नळीच्या भिंतीकडे नेणे हे होय. आरंभीच्या प्रयोगातील प्रकाशशक्ती एका वॅटहूनही पुष्कळ कमी होती. नायट्रोजन आणि नंतर हेलियम यांची जोड मिळताच थोड्याच अवधीत ती शंभर वॅटपर्यंत गेली. १०.६ मायक्रोमीटर ही तरंगलांबी डोळ्यांस दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाच्या सुमारे पंधरापट असल्यामुळे हा किरण अदृश्य असतो.

केवळ किरण मिळाल्याने पत्रा कापला जात नाही. बहिर्गोल भिंगाने सूर्यप्रकाश एका बिंदूवर आणून कागद जाळण्याचा प्रयोग प्रत्येक शाळकरी मुलाने केलेला असतो. लेसर यंत्रात तेच घडते, परंतु प्रमाण निराळे असते. एक हजार वॅटचा किरण ०.२ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर एकवटला, तर दर चौरस मिलिमीटरास सुमारे ३२,००० वॅट शक्ती पडते. भर दुपारच्या उन्हात एक चौरस मिलिमीटर जागेवर एका वॅटचा सुमारे एकसहस्रांश भाग पडत असतो. म्हणजे ठिपक्यावरील तीव्रता उन्हाच्या तीन कोटी पटींहून अधिक झाली. इतक्या तीव्रतेपुढे धातू क्षणार्धात वितळतो.

येथेच एक अडचण उभी राहते. वितळलेला रस जर जागच्या जागी राहिला तर किरण पुढे सरकताच तो पुन्हा थिजून फट सांधून टाकील. म्हणून रस तेथून हाकलून दिला पाहिजे. इंग्लंडमधील वेल्डिंग संशोधन संस्थेत पीटर हौल्डक्रॉफ्ट यांनी १९६७ च्या मे महिन्यात ही युक्ती केली. सुमारे ३०० वॅटचा कार्बन डाय-ऑक्साइड लेसर आणि ऑक्सिजनचा झोत ही दोन्ही एकाच तोटीतून पाठवून त्यांनी एक मिलिमीटर जाडीचे पोलाद कापून दाखविले. झोताने रस तर खाली उडालाच, शिवाय तापलेले लोखंड ऑक्सिजनमध्ये जळू लागले आणि त्या ज्वलनाची उष्णता किरणाच्या मदतीस आली. सौम्य पोलाद अशा रीतीने कापताना लागणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा स्वतः लोखंडच पुरविते. पोलाद स्वतःच्या कर्तनास स्वतःच सरपण घालते असे म्हणता येईल. न गंजणाऱ्या पोलादाची कड काळवंडू नये म्हणून तेथे ऑक्सिजनऐवजी जोराच्या दाबाचा नायट्रोजन वापरतात. त्यात ज्वलन नसते, सर्व भार किरणावरच पडतो.

आता पितळेकडे वळावे. कोणताही चकचकीत धातू हा आरसा असतो. त्याच्या अंतरंगात मोकळेपणे हिंडणारे असंख्य इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाचा तरंग येऊन आदळला की ते त्याच्या तालावर डोलू लागतात, आणि डोलणारे इलेक्ट्रॉन तोच तरंग पुन्हा बाहेर फेकतात. तरंग जितका दीर्घ, तितके त्याचे आंदोलन संथ, आणि तितके या इलेक्ट्रॉनांना त्याच्याशी जुळवून घेणे सोपे. १०.६ मायक्रोमीटरचा तरंग त्यांच्या दृष्टीने फारच संथ आहे. स्वच्छ, गुळगुळीत तांबे या तरंगाच्या शंभर भागांपैकी ९८ हून अधिक भाग परत पाठविते, आणि ज्यात तांब्याचा अंश सर्वांत मोठा त्या पितळेची वागणूकही बरीचशी तशीच आहे. उजळलेली समई हा या किरणाच्या दृष्टीने उत्कृष्ट आरसा होय.

गुळगुळीत पोलादही या किरणाचा बराच मोठा भाग परावर्तित करते, ही गोष्ट दृष्टिआड करता कामा नये. परंतु ते तांब्याच्या काही पट शक्ती शोषून घेते, आणि शोषलेली उष्णता इकडेतिकडे न उधळता ठिपक्याजवळ धरून ठेवते. शुद्ध तांबे सौम्य पोलादाच्या सुमारे आठपट आणि पितळ सुमारे दुप्पट उष्णता वाहून नेते. तिसरे असे की, लोखंड ऑक्सिजनमध्ये जळून जशी उष्णता देते तशी तांबे देत नाही. तेव्हा पितळ कमी घेते, जे घेते ते चटकन वाटून टाकते, आणि स्वतःचे सरपण घालीत नाही. वितळणबिंदू कमी असून त्याचा लाभ मिळत नाही तो या तिहेरी कारणाने. पुरेशी शक्ती ओतली तर कार्बन डाय-ऑक्साइडच्या लेसरनेही पातळ पितळ कापता येते. पण परावर्तित झालेला किरण आल्या वाटेने उलट भिंगात व नळीत शिरून यंत्राचीच हानी करू शकतो, म्हणून कारखानदार या वाटेस सहसा जात नसत.

उपाय किरणाचा जोर वाढविण्यात नव्हता. तो तरंगलांबी बदलण्यात होता. काचेच्या बारीक तंतूत यिटर्बियम या विरळ मूलद्रव्याचे अणू मिसळले आणि त्यांना लहान अर्धसंवाहक लेसरांच्या प्रकाशाने उत्तेजित केले, तर तो तंतूच लेसर बनतो. त्याचा प्रकाश सुमारे १.०७ मायक्रोमीटरचा, म्हणजे पहिल्याच्या एकदशांश तरंगलांबीचा असतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून अशा तंतु-लेसरांची शक्ती झपाट्याने वाढली आणि कारखान्यांतून पत्रा कापण्याच्या कामी त्यांनी वायूच्या लेसरास मोठ्या प्रमाणावर मागे टाकले.

या आखूड तरंगाने पितळेचा असहकार मोडला, तोही एकदम नव्हे. थंड तांबे याही प्रकाशाचे शंभरांतील ९५ च्या आसपास भाग परत पाठविते. परंतु दोनाच्या जागी चारपाच भाग आत शिरले म्हणजे आत जाणारी शक्ती दुप्पट-अडीचपट झाली, हे ध्यानात घ्यावे. शिवाय आखूड तरंग अधिक बारीक ठिपक्यावर एकवटता येतो, त्यामुळे तीव्रता आणखी वाढते. पृष्ठभाग एकदा वितळला की त्याचे आरसेपण ओसरते व शोषण एकाएकी वाढते. म्हणून खरी लढाई पहिल्या क्षणाची, पहिले भोक पाडण्याची असते. ते पडले की पुढे फट वाढवीत नेणे सुकर होते. उलट येणाऱ्या प्रकाशापासून यंत्राचे रक्षण करण्यासाठी स्वतंत्र योजना करावी लागते ती वेगळी. आणखी एक सोय अशी की, १०.६ मायक्रोमीटरचा प्रकाश साध्या काचेतून जात नाही, त्यास आरसे आणि झिंक सेलेनाइडची भिंगे लागतात, १.०७ मायक्रोमीटरचा प्रकाश मात्र काचतंतूतून नळीतील पाण्यासारखा हवा तिकडे नेता येतो. उलटपक्षी लाकूड, कातडे, कागद, ॲक्रिलिक यांच्यासाठी जुना वायूचा लेसरच सरस ठरतो, कारण हे पदार्थ दीर्घ तरंग आवडीने शोषतात. पीव्हीसी हे प्लॅस्टिक मात्र कोणत्याही लेसरखाली धरू नये; त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू निघतो.

पितळेचा पिवळा आणि तांब्याचा तांबूस रंग याच गोष्टीची साक्ष देतो. हे धातू तांबडा व पिवळा प्रकाश परत पाठवितात, पण निळा प्रकाश बराचसा गिळून टाकतात. निळ्या तरंगाचे आंदोलन इतके जलद असते की ते धातूतील बद्ध इलेक्ट्रॉनांनाही हलवू शकते. यावरून निळ्या प्रकाशाचा लेसर तांब्यावर अधिक परिणामकारक ठरेल असे अनुमान निघते, आणि ते खरे आहे. सुमारे ०.४५ मायक्रोमीटरचा निळा प्रकाश तांबे निम्म्याच्या आसपास शोषून घेते. असे शक्तिमान लेसर अलीकडे तयार झाले असून त्यांचा उपयोग विशेषतः तांबे जोडण्याकडे होत आहे.

अशा यंत्राचा कुंभकोणमसारख्या ठिकाणी काय उपयोग व्हावा? २०० मिलिमीटर व्यासाच्या पितळी चकतीचा परीघ सुमारे ६२८ मिलिमीटर भरतो. यंत्र मिनिटास तीन मीटर वेगाने चालत असेल तर ती चकती सुमारे तेरा सेकंदांत सुटी होते, आणि कापाची फट केवळ दोन-तीन दशांश मिलिमीटर रुंद असल्यामुळे धातू फारसा वाया जात नाही. परंतु एकाच मापाच्या दहा हजार चकत्या हव्या असतील तर दाबयंत्र आणि पोलादी ठसा हेच स्वस्त पडतात. ठसा एका आघातात चकती काढतो. लेसरचे खरे बळ निराळ्या ठिकाणी आहे. देवघरामागची जाळीदार प्रभावळ, दिव्याच्या पाठीची वेलबुट्टी, नावाची अक्षरे, अशी थोड्या नगांची व नागमोडी रेषांची कामे, ज्यांसाठी ठसा करणे परवडत नाही आणि ज्यांवर छिन्नी व कानस घेऊन कारागिरास दिवसचे दिवस बसावे लागते, ती हा किरण आराखड्याबरहुकूम करून देतो. याचा दुसरा अर्थही स्पष्ट आहे. जाळी कापणाऱ्या हातांचे काम यंत्राकडे जाते, आणि ज्याची उपजीविका केवळ त्याच कामावर आहे त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न लहान समजू नये.

मूर्ती ओतणाऱ्याचे काम मात्र त्या किरणाच्या आटोक्याबाहेर आहे. पत्रा कापणारे लेसर यंत्र सपाट पत्र्यावर रेषा काढते. मेणात कोरलेल्या मूर्तीची घनता, बोटांचा बाक, चेहऱ्यावरील सूक्ष्म चढउतार त्यास निर्माण करता येत नाहीत. ठोकण्याचेही तसेच. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीने जे मठारकाम करतात त्याने केवळ शोभा येत नाही; प्रत्येक ठोक्याने धातूच्या स्फटिकांची रचना बदलते आणि पत्रा कणखर होतो. प्रकाशाने कापलेल्या कडेस असा कणखरपणा येत नाही. कापाशेजारचा धातू उष्णतेने नरम पडण्याचाच संभव असतो.

पितळ कापताना एक धोका विशेष जपावयाचा असतो. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते. तांबे १,०८५ अंशांस वितळते, तर जस्त ९०७ अंशांस उकळू लागते. किरणाच्या ठिपक्याखाली जस्ताची वाफ होते, हवेत येताच तिचा पांढरा धूर बनतो, आणि तो श्वासावाटे पुष्कळ गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. पितळेची मूस हाताळणाऱ्या कारागिरांना हा ज्वर जगभर फार पूर्वीपासून परिचित आहे. लेसर यंत्राने त्यास नवे ठिकाण दिले एवढेच. म्हणून यंत्र बंदिस्त ठेवून धूर ओढून घेणारा पंखा व गाळणी बसविणे अवश्य असते. डोळ्यांचा धोका याहून गंभीर आहे. तंतु-लेसरचा प्रकाश अदृश्य असूनही डोळ्याच्या भिंगातून थेट दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो, आणि पितळेसारख्या आरशावरून उसळलेला किरणसुद्धा कायमची इजा करू शकतो. जेथून काही दिसत नाही तेथून अपाय होईल हे माणसाच्या सहज ध्यानात येत नाही, म्हणून विशिष्ट प्रतीच्या काचांचा चष्मा व झाकलेले यंत्र यांवाचून हे काम करू नये.

पत्र्यातून चकत्या आणि जाळ्या काढून घेतल्यावर जो सांगाडा उरतो तो टाकाऊ नसतो. मोडीचे पितळ पुन्हा मुशीत जाते. मात्र प्रत्येक वेळी वितळताना त्यातील थोडे जस्त वाफ होऊन उडून जाते, आणि ओतकाम करणाऱ्यास रसात नवे जस्त टाकून ते प्रमाण भरून काढावे लागते.